सात निरोपांची पोच

पेणला गणपतीचे कारखाने चिक्कार आहेत. माती मळणारे, साचे भरणारे, रंग मारणारे हात ढिगाने मिळतात. डोळे काढणारा हात मात्र कारखान्यात एखादाच असतो. त्या कामाला आम्ही आखणी म्हणतो. आमच्या गुरवांच्या कारखान्यात ती चाळीसएक वर्षं मी केली, या हेमलता गुरवने, डाव्या हाताने. तो हात आता माझ्या मांडीवर नुसता पडून असतो. हे सगळं मी उजव्या हाताच्या एका बोटाने टॅबवर लिहिते आहे, म्हणून वेळ लागतोय. पण लिहिणार. कारण जाण्याआधी त्या हाताने सात वेळा निरोप पाठवला होता, आणि सातही वेळा त्याची पोच माझ्या सख्ख्या बहिणीने दिली.

डाव्या हाताचं आधी सांगते. देवाचे डोळे डाव्या हाताने काढलेत हे कळलं असतं, तर गिऱ्हाइकाने मूर्ती उचललीच नसती. मी चौदा वर्षांची असताना बाबांनी माझी रेघ पाहिली आणि मला उजव्या हाताची सवय लावायचा नाद सोडून दिला. त्याऐवजी त्यांनी कारखान्याच्या मागच्या कोपऱ्यात एक जाड पडदा टांगला. "देवाला चालतं, माणसांना चालत नाही," ते म्हणाले. "तेव्हा माणसांनी बघूच नये." तेव्हापासून मी पडद्याआड एकटी. मूर्ती आत यायची, डोळे घेऊन बाहेर जायची. आखणी चालू असताना माझ्या तोंडाकडे बघणारं माणूस तिथे कधी नव्हतं. याची किंमत काय असते ते मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

बहीण म्हणजे नीलिमा. निली. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. मी लग्न केलं नाही, निलीने केलं आणि दोन वर्षांत परत आली. बाबा गेल्यावर कारखाना आम्ही दोघींनी ओढला. मी पडद्याआड, ती पडद्याबाहेर. मंडळवाल्यांशी बोलणी, परदेशी जाणारे कंटेनर, टेम्पो, कामगार, सगळं तिचं. जीभ गोड, डोकं थंड. माझ्या नाकावर माशी बसलेली चालत नाही, तिच्या नाकावर बसून चार अंडी घालून गेली तरी ती हसेल. राहायला आम्ही कारखान्याच्या वरच. एका ताटात जेवलो नाही इतकंच, बाकी सगळं एकत्र.

दोन वर्षांपूर्वी निलीने पुण्याच्या एका कंपनीची इंजिनिअर आणली. ऋजुता सबनीस तिचं नाव. तिने माझ्या डाव्या मनगटावर एक काळी रबरी पट्टी चढवली आणि म्हणाली, "हेमाताई, तुम्ही फक्त काम करत राहा. ही मनगटी तुमचा हात शिकेल."

ती कशी शिकते हे तिने मला नीट समजावलं होतं. आपण रेघ ओढतो तेव्हा मेंदू स्नायूंना बारीक बारीक विजेचे इशारे पाठवतो. किती जोर, किती वेळ, कुठे थांबायचं, सगळं त्या इशाऱ्यांत असतं. मनगटी ते कातडीवरून टिपते, सेकंदाला हजार वेळा. अशा लाखभर रेघा गोळा झाल्या की त्यावरून एक यंत्रहात तयार होतो, तो हुबेहूब माझ्यासारखी आखणी करतो. मोठ्या मूर्ती माझ्या, लहान मूर्ती यंत्रहाताच्या, असं ठरलं. मला वाईट वाटलं नाही. माझ्यामागे ही रेघ उचलणारं कोणी नव्हतंच.

एक कायदाही आड आला होता. माणसाच्या शरीराची नोंद घेणाऱ्या कुठल्याही यंत्राला त्या नोंदीत धोक्याची खूण दिसली, तर त्याने ती कळवलीच पाहिजे, असा तो कायदा. ज्याला कळवलं त्याने पोच द्यायची. ऋजुताने फॉर्म भरताना विचारलं, "निरोप कोणाला पाठवायचा? तुम्हाला की जबाबदार व्यक्तीला?"

"निलीला पाठव," मी म्हटलं. "पापणी ओढताना माझ्या कानाशी टुंगटुंग नको."

म्हणजे हे दार मी माझ्या हातानेच उघडून दिलं. ते मी नाकारत नाही.

एप्रिलमध्ये सुरू झालं. एका दुपारी ब्रश जड वाटला. झिरो नंबरचा ब्रश तो, त्याला वजन असतं कुठे? माझ्या डाव्या बाजूला येणाऱ्या, म्हणजे मूर्तीच्या उजव्या डोळ्याची वरची पापणी ओढत होते. रेघ अर्धा मिलिमीटर खाली उतरली. हात झटकला, बोटं मोडली, आठ-दहा मिनिटांत सगळं पहिल्यासारखं. मांडी घालून तासन्‌तास बसणाऱ्या बाईच्या हाताला मुंग्या येणारच, असं म्हणून मी विसरले. रेघ पुसावी असं मनात आलं होतं. पण तितक्यात निली पडदा सारून आत आली. ती सहसा आत येत नाही. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मूर्तीकडे, आणि मूर्तीकडेच बघत राहिली.

"ताई, पुसू नकोस," ती म्हणाली. "अगं, हा बघतोय."

खरंच बघत होता. बाप्पा नुकताच झोपेतून उठून, आपलं काय दुखतंय ते विचारतोय असं वाटत होतं. बाबा म्हणायचे, दोन्ही डोळे तंतोतंत सारखे काढलेस तर ती बाहुली होईल. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी हाताला ते साधलं. आम्ही दोघी त्या मूर्तीसमोर उभ्या राहिलो आणि मला रडू आलं. माझ्या मेंदूला रक्त पोचत नव्हतं आणि मी आनंदाने रडत होते!

त्या मूर्तीचा फोटो निलीने मंडळवाल्यांना पाठवला. दोन दिवसांत सगळ्यांना तसेच डोळे हवे झाले. निलीने ऋजुताला सांगितलं की यंत्रहाताला आता ताईचा हा नवा हात शिकवा. पण मला ते डोळे मुद्दाम काढता येईनात. चार-पाच दिवसांनी एकदा आपोआप यायचे, हात जड झाला की. मी आपली हात जड व्हायची वाट बघू लागले. इतकी मी मूर्ख.

एकदा माझ्या उजव्या डोळ्यावर राखाडी पडदा उतरला, वरून खाली, आणि दोन मिनिटांनी वर गेला. चष्म्याचा नंबर वाढला असेल, सीझन झाला की दाखवू, म्हटलं. आमच्याकडे सगळी दुखणी सीझननंतर असतात.

मग तो मेच्या पहिल्या आठवड्यातला दिवस. आमचा चहा सव्वाचारला होतो, बाबांच्या वेळेपासून. निली कप घेऊन स्वतः आत आली. दुसऱ्या हातात फोन.

"ताई, एक फोटो काढते. हस बघू."

"आता कशाला फोटो? तोंडाला रंग लागलाय."

"परदेशातल्या लोकांना कारागिराचा फोटो हवाय. हस ना गं."

मी हसले. ती फोनकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मी चहाचा घोट घेतला तर तो ओठाच्या कडेने हनुवटीवर आला. जीभही जाड वाटली.

"निली, माझं तोंड वाकडं नाही ना दिसत?"

तिने माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं. लहानपणी मी तिचे दात बघायचे तसं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. मला वाटलं, थकलीये बिचारी.

"काही नाही गं," ती म्हणाली. "रंग लागलाय गालाला." आणि ओढणीच्या टोकाने माझा गाल पुसला.

तो गाल पुसणारा हात मला आजही जाणवतो. शिव्या देऊन होतील, पण तो हात विसरणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

सोळा मेला सकाळी दहाच्या सुमारास मी एका सहा फुटी मूर्तीच्या डोळ्याशी बसले होते. ब्रश खाली पडलेला दिसला. माझ्या मांडीवर कोणाचा तरी हात होता, रंगाने माखलेला. मी विचार करत बसले की हा कोणाचा हात, आणि हा इथे कोण विसरून गेलं. मी हाक मारली असं मला आठवतं, पण बाहेर टेम्पो भरत होते, आणि तोंडातून जे निघालं ते हाकेसारखं नसावं. जेवायला आले नाही म्हणून दीड वाजता कामगार बाईने पडदा सारला. मी जमिनीवर आडवी होते.

अंगावरून वारं गेलं, असं आमच्याकडे म्हणतात. वारंबिरं काही नसतं. पनवेलच्या डॉक्टरांनी मला नंतर चित्र काढून दाखवलं. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते. माझ्या मानेतल्या उजव्या धमनीत आतून चरबीचा थर साचला होता. अधूनमधून त्याचा एखादा कण सुटायचा, मेंदूतल्या बारीक वाहिनीत अडकायचा आणि थोड्या वेळाने विरघळायचा. अडकलेला असेपर्यंत डाव्या हाताला हुकूम पोचत नसे, तोंड झुके, जीभ जड होई. विरघळला की सगळं ठीक. त्याच धमनीचा एक फाटा उजव्या डोळ्याला जातो, म्हणून तो पडदा.

"हे छोटे झटके म्हणजे इशारा असतो," डॉक्टर म्हणाले. "आपोआप बरं वाटतं, म्हणून लोक गप्प बसतात. खरं तर तेव्हाच धावत यायचं असतं. पहिल्या झटक्याला आला असतात, तर गोळ्यांवर आणि मानेच्या एका ऑपरेशनवर भागलं असतं. मोठा झटका आल्यावरही गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तुम्हाला आणलं तीनला दहा कमी असताना."

पंधरा-वीस मिनिटं उशीर. त्यांनी मांडीच्या धमनीतून तार घालून गुठळी ओढून काढली, म्हणून जीव वाचला. पण तोवर मेंदूचा जो भाग गेला, तो गेला. हाताचा भाग.

निली रात्रंदिवस माझ्याजवळ होती. वाटीने भरवायची, केस विंचरायची, पाठ पुसायची. परिचारिका म्हणायच्या, नशीबवान आहात, अशी बहीण कोणाला मिळते! मी मान हलवायचे.

घरी येऊन दहा दिवस झाले तेव्हा ऋजुता आली. खाली यंत्रहात चालू होता, त्याची बारीक किरकिर जिन्यावरून वर येत होती. निली उपमा करायला आत गेली. ऋजुता माझ्या पलंगाशी बसली.

"हेमाताई, मला वाटलं होतं तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली. "आमच्याकडून निरोप जात होते. सात गेले. सातांचीही पोच आली, म्हणून आमच्या यंत्रणेने पुढे काही केलं नाही. नियम तेवढाच आहे. पोच आली की आमचं काम संपलं. मी ते उघडून वाचले नव्हते. परवा वाचले."

तिने टॅब माझ्या उजव्या बाजूला धरला. डावीकडचं मला अजून नीट दिसत नाही.

निरोप प्रत्येक वेळी एकच होता. डाव्या हाताची ताकद अचानक कमी झाली आहे. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला असण्याची शक्यता. चेहरा एका बाजूला झुकला आहे का, बोलणं अडखळतं आहे का, दोन्ही हात वर उचलून धरता येतात का, ते लगेच पाहा. लक्षणं गेली तरी रुग्णालयात न्या. त्याखाली निलीची पोच. पहिल्यांदा लिहिलं होतं, ताई थकली आहे. दुसऱ्यांदा, उकाडा फार आहे. तिसऱ्यांदा नुसतंच ठीक आहे.

चौथ्याला फोटो होता. माझा. मी हसत होते. उजवीकडचं तोंड हसत होतं, डावीकडचं खाली लोंबत होतं, पोरालाही कळेल इतकं. निरोप गेला होता चार वाजून नऊ मिनिटांनी. फोटो चार सतराला. यंत्राने एका मिनिटात उत्तर दिलं होतं, चेहरा डावीकडे झुकला आहे, ताबडतोब न्या. चार एकवीसला निलीने लिहिलं होतं, ठीक आहे.

त्या दोन उत्तरांच्या मध्ये तिने माझा गाल पुसला होता.

पाचवा, ठीक आहे. सहाव्याला तिने जरा मोकळेपणाने लिहिलं होतं. "डोळे छान आले आहेत. चालू ठेवा." सातवा, सोळा मे, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. टेम्पो भरत असताना, न बघता. ठीक आहे.

निली उपम्याची बशी घेऊन दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"पहिल्यांदा खरंच वाटलं, थकली असशील," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "दुसऱ्यांदा नेटवर वाचलं. मग घाबरले. पण तू लगेच बरी व्हायचीस, ताई. कामाला लागायचीस. मला वाटलं, कंटेनर निघेपर्यंत. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न."

"मी वि-चा-रलं तुला," मी म्हटलं. माझं बोलणं तेव्हा असं तुटत होतं. "तोंड. वाकडं का."

ती बशीच्या कडेवर अंगठा फिरवत राहिली.

"का, निली?"

"डॉक्टरांकडे गेलो असतो तर त्यांनी औषध दिलं असतं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "हात सरळ झाला असता. मग ते डोळे परत आले असते का?"

ऋजुताने मान खाली घातली. मला वाटलं होतं, निली रडेल, पाया पडेल, यंत्राला दोष देईल. तिने खरं सांगितलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तिने मला मारायचं ठरवलं नव्हतं. तिने फक्त माझ्या दुखण्यातून जे सुंदर निघत होतं ते अजून थोडं निघू दिलं. आणि तेच यंत्रहाताला शिकवलं. मी इथे पडले होते आणि खाली तो माझा झटका दिवसाला साठ मूर्तींवर काढत होता.

ऋजुता येण्याचं कारण वेगळंच होतं. माझ्या हाताची नोंद वापरायला दर वर्षी माझी परवानगी लागते. आणि आणखी एक. पुण्यातल्या काही डॉक्टरांना त्या सात नोंदी हव्या होत्या. पक्षाघात येण्याआधी महिनाभर एखाद्या कसबी हाताचं काय होत जातं, याची इतकी बारीक नोंद त्यांनी कधी पाहिली नव्हती. ती मिळाली तर साध्या घड्याळालासुद्धा हा इशारा ओळखायला शिकवता येईल, असं त्यांचं म्हणणं.

"मूर्तींच्या कामातून ह्या सात नोंदी काढून टाक," मी सावकाश म्हटलं. "जुना हात ठेव. चांगला होता तो."

"ताई, मंडळवाल्यांना हेच डोळे हवेत," निली म्हणाली. "निम्मा सीझन बाकी आहे. माल परत येईल."

"येऊ दे."

"आणि डॉक्टरांना?" ऋजुताने विचारलं.

"दे."

ऋजुताने निलीकडे पाहिलं. "त्यांना निरोपांसकट हवंय. कधी गेला, काय पोच आली, कोणी दिली. लोक इशारा कसा टाळतात हेही त्यांना अभ्यासायचंय. तुम्ही म्हणालात तर पोच काढून टाकता येते. नावही."

निली पुढे आली. बशी तिने कुठे ठेवली कोण जाणे. माझ्या पायाशी बसून तिने माझा डावा हात दोन्ही हातांत घेतला. तिने तो धरलाय हे मला दिसलं, कळलं नाही.

"ताई, तेवढं नको," ती म्हणाली. "तू मला मार, घरातून काढ. पण कुठले कुठले लोक ते वाचतील. शिकवतील. वर्षानुवर्षं. तो फोटो दाखवतील आणि खाली माझं नाव असेल. नीलिमा गुरव, बहीण. ताई, मी एवढी वाईट नाहीये गं."

मला तिचं खरंच वाटलं. ती एवढी वाईट नाही. म्हणूनच ते वाचायला हवं. वाईट माणसाने केलं असतं तर त्यात शिकण्यासारखं काय होतं?

"नाव काढ," मी ऋजुताला म्हटलं. निलीने श्वास सोडला. "बहीण हे ठेव. फोटो ठेव. पोच ठेव. अक्षर न्‌ अक्षर."

निलीने माझा हात मांडीवर ठेवला, हळूच, आणि उठून खिडकीशी गेली. ऋजुताने टॅब पुढे केला. मी उजव्या हाताचा अंगठा दाबला. पहिल्यांदा उमटला नाही, दुसऱ्यांदा उमटला. ऋजुता जिना उतरून गेली आणि थोड्या वेळाने खालची किरकिर थांबली. घरात इतकं शांत झालं की निलीचं हुंदके गिळणं मला ऐकू येत होतं.

तासाभराने मला बाथरूमला जायचं झालं. पंधरा मिनिटं मी दम धरला. मग हाक मारली.

ती आली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने दाखवलं होतं तशी समोर उभी राहिली, माझे पाय जुळवून ठेवले, कमरेला हात घातला. "एक, दोन, तीन," म्हणून तिने मला उचललं. गुडघा वाकला आणि मी कलले. मी तिला माफ केलेलं नाही, करेन असं वाटतही नाही. पण पडायची भीती वाटली तेव्हा मी उजव्या हाताने तिचीच मान घट्ट धरली, आणि सोडली नाही.